भंगाराच्या प्रतीवरून वाद: कट मान्य करण्याआधी काय तपासायचं

माल डीलरच्या यार्डात पोचतो आणि तासाभरात फोन येतो, "शेठ, माल ओला आहे, मिक्स पण आहे, दहा टक्के कट लागेल." भोसरी असो, अंबड असो की शिरोली, लहान कारखानदार इथे बहुतेक वेळा दहाचे सात करून घेतो आणि विषय संपवतो. पण सात तरी कशाचे? ओलीचे, मातीचे, की धातूच हलक्या जातीचा निघाला त्याचे? हे न विचारता आकड्यावर घासाघीस झाली की पुढच्या गाडीलाही तोच कट बसतो, कारण आता तो ‘नेहमीचा’ झालेला असतो.

कट सुटा करून मागा

‘माल खराब आहे’ या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी असू शकतात: वजन कमी भरलं, ओल किंवा तेल जास्त आहे, परका माल आहे (माती, चिंध्या, प्लास्टिक, लोखंडी बोल्ट), किंवा धातूची जातच वेगळी निघाली. चौघींची तपासणी वेगळी आणि भरपाईही वेगळी. पहिल्या तीन तक्रारी वजनातून सुटतात. दर फक्त चौथीने बदलतो.

एवढं लक्षात ठेवलं तरी सगळ्यात सामान्य प्रकार पकडता येतो, तो म्हणजे दुहेरी कट. ओल आहे म्हणून पाच टक्के वजन कापायचं आणि त्याच ओलीसाठी किलोमागे दोन रुपये दरही उतरवायचा. त्यातली एकच गोष्ट द्यायची. अपवाद ओल्या ॲल्युमिनियम टर्निंगचा (टर्निंग म्हणजे लेथवर धातू कापताना निघणाऱ्या चिप्स). वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या खाली पाणी सापडलं की भट्टीत स्फोट होतो, आणि ओल्या, तेलकट चिप्स जळून धातूची प्रत्यक्ष वसुलीही घटते. तिथे ओल्या मालाला वेगळा दर असणं रास्त आहे, पण तो दर गाडी भरण्याआधी ठरलेला हवा, गाडी उतरल्यावर नाही.

सौदा लिहून ठेवा, चार ओळी पुरतात

करारनामा लागत नाही. गाडी भरण्याआधी व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवा आणि समोरच्याचं ‘ओके’ आल्याशिवाय माल हलवू नका:

"माल: एसएस ३०४ टर्निंग, कूलंट लागलेली, अंदाजे ३२०० किलो. दर ठरल्याप्रमाणे, जीएसटी वेगळा. ओल ३ टक्क्यांपर्यंत दरात धरलेली, त्याच्या वर निघेल तेवढीच वजनातून वजा. नमुना आमच्या गेटवर दोघांसमोर, तीन सीलबंद पिशव्या. प्रतीबद्दल हरकत माल उतरल्यापासून २४ तासांत, लेखी, माल वेगळा ठेवून. वाद राहिला तर तिसरी पिशवी एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबला, ज्याचं म्हणणं चुकेल त्याने फी भरायची. माल परत आला तर भाडंही त्याच तत्त्वाने."

(एसएस ३०४ ही स्टेनलेस स्टीलची एक जात, कूलंट म्हणजे कापताना मशीनवर सोडतात ते थंड करणारं द्रव, आणि एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ.) ‘३ टक्क्यांपर्यंत दरात धरलेली’ या वाक्यावर सगळ्यात जास्त पैसे वाचतात. टर्निंग कधीच कोरडी नसते, आणि डीलरने दर सांगताना ते मनात धरलेलंच असतं. लिहिलं नाही तर तीच ओल दोनदा मोजली जाते.

तांबं, पितळ, ॲल्युमिनियमचे मोठे व्यापारी ‘बर्च’, ‘हनी’, ‘टेलिक’ अशी नावं वापरतात. ही अमेरिकेतल्या भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेली प्रतवारी आहे (संघटनेचं नाव आधी इस्री होतं, २०२४ पासून बदललं आहे). सौद्यात असं नाव आलं की त्यामागची व्याख्याही आली. बर्च म्हणजे सुमारे ९६ टक्के आणि किमान ९४ टक्के तांबं असलेली तार. टेलिक म्हणजे मिश्र ॲल्युमिनियम बोरिंग-टर्निंग. त्यात २० मेशच्या चाळणीतून ३ टक्क्यांपेक्षा जास्त भुकटी पडली तर त्या मर्यादेपलीकडची भुकटी वजा होते, आणि लोखंड १० टक्क्यांच्या वर गेलं तर तो माल त्या प्रतीचा राहतच नाही. नाव वापरणाऱ्या खरेदीदाराला व्याख्येवरच बोलायला लावा.

वजनाचा वाद आधी मिटवा

भरलेली आणि रिकामी गाडी एकाच काट्यावर, एकाच दिवशी. आरसी बुकातलं रिकामं वजन धरू नका. डिझेल, जॅक, ताडपत्री, पावसात भिजलेला हौदा यांनी पन्नास-शंभर किलोचा फरक सहज पडतो. काट्याची वैधमापन विभागाकडून वर्षातून एकदा पडताळणी व्हावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र काट्यावर लावलेलं असतं. त्याची तारीख बघा. काट्याचा लहानात लहान टप्पाही बघा. दहा किलोच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर दोनशे किलो तांबं मोजणं म्हणजे प्रत बरोबर असूनही पैसे सोडणं. असा माल प्लॅटफॉर्म काट्यावर, बारदान वेगळं तोलून.

नमुना: खरा निकाल इथेच लागतो

पिंपातल्या वरच्या मुठीवरून कुणीही काहीही सिद्ध करू शकतो. कूलंट खाली निथळतं, बारीक भुकटी आणि ग्राइंडिंगची माती तळाशी बसते. त्यामुळे वरून घेतलेला नमुना विकणाऱ्याच्या बाजूने खोटा असतो, आणि यार्डात माल ओतल्यावर ढिगाच्या पायथ्याचा घेतलेला नमुना खरेदीदाराच्या बाजूने.

भरणी चालू असतानाच, डीलरचा माणूस हजर असताना, नमुना घ्या. दर पाच-सहा गोण्यांमागे किंवा प्रत्येक पिंपामागे तीन ठिकाणांहून फावडंभर माल काढा: वरून, मधून, तळातून. पंचवीस-तीस किलो एका स्वच्छ पत्र्यावर ओता. नीट कालवून शंकूसारखा ढीग करा, तो चपटा करा, फावड्याने चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग काढून टाका, उरलेले दोन पुन्हा कालवा. सहा-सात किलो उरेपर्यंत हेच. मग तीन पिशव्या भरा: एक तुमची, एक डीलरची, तिसरी वादासाठी.

पिशवी प्लॅस्टिकची, दुहेरी, तोंड वितळवून किंवा टेपने घट्ट बंद केलेली. कापडी पिशवीतली ओल दोन दिवसांत उडून जाते आणि लॅबचा अहवाल निरुपयोगी होतो. सीलवर दोघांच्या सह्या, तारीख, गाडी नंबर. ओल्या मालाचं वजन तिथल्या तिथे घ्या आणि पिशवीवर लिहा. बाकी हे करताना एका मोबाईलवर सलग व्हिडिओ चालू ठेवला तर उत्तम.

लांब, गुंतलेल्या टर्निंगची चौथाई होत नाही, तो गुंता फावड्याला वळत नाही. तिथे कातरीने तुकडे करा, किंवा निदान गोणीच्या तळाची भुकटी आणि वरचा गुंता वेगळे तोलून त्याच प्रमाणात नमुन्यात घ्या.

ओल मोजणं अर्ध्या दिवसाचं काम आहे

नमुन्यातला २ किलो माल पसरट ट्रेमध्ये घ्या आणि १०५ ते ११० अंशांवर इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये ठेवा. दोन तासांनी तोला, पुन्हा अर्धा तास ठेवून तोला. दोन वजनांत फरक पडेनासा झाला की वाळला. चिप्सचा रंग बदलेल इतकं तापवू नका. लोखंड ऑक्सिजन धरून वजन वाढवतं, आणि तुमची ओल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. डीलर ही खोट पकडेल आणि पुढचं काहीच ऐकणार नाही.

ही पद्धत पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटसाठी चालते, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. निव्वळ कटिंग ऑइल या तापमानाला उडत नाही, उलट धूर आणि आगीचा धोका. त्यासाठी लॅबमध्ये द्रावकाने धुऊन मोजतात. मॅग्नेशियम किंवा टायटॅनियमच्या चिप्स घरच्या घरी तापवूच नका.

हिशेब असा. २.००० किलोचा माल वाळून १.८६० किलो भरला. घट १४० ग्रॅम, म्हणजे ७ टक्के. सौद्यात ३ धरलेले, तेव्हा कट ४ टक्क्यांचा. ३२०० किलोवर १२८ किलो. डीलर मागतोय १० टक्के, म्हणजे ३२० किलो. वाद उरला १९२ किलोंचा, आणि त्याला आता पुरावा आहे.

स्टेनलेस: चुंबकावर भांडू नका

सगळ्यात जास्त पैसा जातो तो ‘चुंबक लागतंय, म्हणजे ३०४ नाही’ या एका वाक्यावर. ३०४ मऊ अवस्थेत चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण थंड अवस्थेत वाकवला, ओढला किंवा कापला की त्याच्या आतली रचना काही प्रमाणात बदलते आणि तो चुंबक धरू लागतो. ३०४ च्या खोल दाबलेल्या भांड्याचा किंवा सिंकचा तुकडा घ्या. सपाट भागावर चुंबक घसरून पडतं, कोपऱ्याच्या वळणावर हलकं धरतं. टर्निंगचा तर प्रत्येक कण कापताना दबलेला असतो, म्हणून ३०४ च्या अस्सल चिप्सही चुंबकामागे ओढल्या जातात.

गेटवर करता येईल अशी तपासणी आहे. कोरड्या, तेल पुसलेल्या चार-पाच चिप्स गॅस टॉर्चने नारिंगी होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. ३०४ असेल तर चुंबकाची ओढ जवळजवळ जाते. ४३० (स्टेनलेसचीच दुसरी, स्वस्त जात) असेल तर तशीच राहते, कारण तो मुळातच चुंबकीय आहे आणि त्यात निकेल नाही.

मात्र ३०४ आणि २०० मालिका (२०२, जे-फोर अशा कमी निकेलच्या स्टेनलेस जाती) यांच्यातला फरक चुंबकाने ठरत नाही, दोन्ही बाजूंनी ते समजून घ्या. ३०४ मध्ये निकेल ८ ते १०.५ टक्के. २०२ मध्ये ४ ते ६ आणि मँगनीज ७.५ ते १०. जे-फोर म्हणून जो माल फिरतो त्यात निकेल जेमतेम १ टक्का. पैसा निकेलचा आहे. बाजारात मिळणाऱ्या थेंबाच्या केमिकलने मँगनीज दिसतं, पण जागा ग्राइंडरने घासलेली हवी आणि शेजारी माहीत असलेल्या ३०४ व २०२ च्या तुकड्यावर तोच थेंब टाकून रंग जुळवायला हवा. हे दोन तुकडे प्रत्येक कारखान्याने नंबर पंच करून जवळ ठेवावेत.

तुकड्यांचा माल खरोखरच मिक्स निघाला तर संपूर्ण लॉट खालच्या प्रतीत जाऊ देऊ नका. नमुन्याचा ढीग निवडा आणि तोला. नग मोजू नका, वजन मोजा. २५० किलोत ४५ किलो २०२ निघालं, म्हणजे १८ टक्के. समजा दर ३०४ ला १२० आणि २०२ ला ६० रुपये. मग ८२ टक्क्यांचे ९८.४० आणि १८ टक्क्यांचे १०.८० मिळून १०९.२० रुपये. निवडण्याची मजुरी किलोमागे २ रुपये धरली तरी १०७.२०. डीलर ६० म्हणत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडा, किंवा ‘मी निवडून देतो, दोन दर लावा’ म्हणा.

टर्निंगमध्ये मात्र हा युक्तिवाद चालत नाही. दोन जातींच्या चिप्स एकदा कालवल्या की कुणी निवडू शकत नाही. ३१६ मध्ये (३०४ पेक्षा महाग स्टेनलेस) ३०४ मिसळलं तर ३०४ चाच दर येईल आणि तो बरोबर आहे. उपाय मशीनखालीच आहे: जॉब बदलला की ट्रे आणि कन्व्हेयर रिकामा करून मगच नवीन जात चालवायची.

गनचा आकडा कसा वाचायचा

यार्डात एक्सआरएफ गन (एक्स-रे टाकून धातूतले घटक सांगणारं हातातलं यंत्र) असली की तिचा आकडा अंतिम मानला जातो. गन चांगली असते, पण ती पृष्ठभागावरचा पातळ थरच बघते. निकेल प्लेटिंगचं पितळ, गॅल्व्हनाइज्ड पत्रा, रंग, तेल, सगळंच चुकीचा आकडा देतं. तीन गोष्टी मागा: जागा घासून घ्या, आधी तुमच्या पंच केलेल्या तुकड्यावर रीडिंग घ्या, आणि लॉटच्या किमान दहा जागांचं रीडिंग फोटोसह द्या. एका चिपचं रीडिंग म्हणजे लॉटची प्रत नव्हे.

कार्बन ही गन बघतच नाही. त्यामुळे ‘गनने ईएन-८ नाही, साधं एमएस दाखवलं’ हा दावा टिकत नाही (ईएन-८ हे मध्यम कार्बनचं स्टील, एमएस म्हणजे कमी कार्बनचं माइल्ड स्टील). कार्बन मोजायला स्पार्क स्पेक्ट्रोमीटर (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारं लॅबचं यंत्र) लागतो, आणि त्याला सपाट घासलेला तुकडा हवा. चिप्स असतील तर लॅबला ‘वितळवून बटण करून तपासा’ असं सांगा आणि हवे ते घटक लिहून द्या: क्रोमियम, निकेल, मँगनीज, मॉलिब्डेनम, तांबं.

इतर धातू, थोडक्यात

केबलच्या वादात वसुली मोजा. १ किलो केबल सोलून ६२० ग्रॅम तांबं निघालं तर ६२ टक्के, पुढे बोलणं नाही. केबल जाळू नका. जळलेली तार चांगली असूनही खालच्या प्रतीत जाते, आणि धूर विषारी असतो तो वेगळाच. पितळेच्या टर्निंगमधलं लोखंड चुंबकाने काढून तोलता येतं. पण फ्री कटिंग पितळेत साधारण २ ते ३.५ टक्के शिसं असतं, आणि शिसं न चालणाऱ्या खरेदीदाराने ते नाकारलं तर तो कट नव्हे, चुकीचा खरेदीदार आहे. ॲल्युमिनियम कास्टिंगच्या जातींपैकी एडीसी-१२ मध्ये १.५ ते ३.५ टक्के तांबं असतं, एलएम-६ मध्ये ०.१ च्या आत लागतं. या दोन जातींच्या चिप्स एकत्र आल्या तर एलएम-६ चा भाव विसरा.

खरेदीदार बरोबर असतो तेव्हा

बिडाच्या बोरिंगमध्ये स्टेनलेसच्या चिप्स निघाल्या आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीने गाडी परत पाठवली, तर वाद घालू नका. थोडं क्रोमियमही बिडात कार्बाइड तयार करतं, कास्टिंग कडक होतं आणि मशीनिंगला टूल मोडतात. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांना ईएन-१ए सारख्या फ्री कटिंग स्टीलची टर्निंग नको असते, कारण त्यातलं ०.२ ते ०.३ टक्के गंधक या भट्टीत निघत नाही. तांब्याची वायंडिंग अडकलेल्या मोटरच्या स्टॅम्पिंगचंही तेच, तांबं स्टीलमधून परत काढता येत नाही. बंद सिलिंडर, तोंड बंद असलेले पाइप, भरलेले शॉक ॲब्सॉर्बर ही तर जिवाची गोष्ट आहे. एक तुकडा सापडला तरी पूर्ण गाडी नाकारणं योग्यच.

फोन आला, आता काय

फोनवर आकडा बोलू नका. लगेच लिहून पाठवा: "माल वेगळा ठेवा, मिसळू किंवा वितळवू नका. हरकत कशाची ते लिहा: वजन, ओल, परका माल की जात. काटा पावती आणि फोटो पाठवा. उद्या सकाळी ११ वाजता आमचा माणूस आमची पिशवी घेऊन येतोय."

‘मिसळू नका’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वस्तू विक्री अधिनियम १९३० च्या कलम ४१ नुसार खरेदीदाराला माल तपासण्याची संधी मिळायलाच हवी. पण माल ताब्यात आल्यावर त्याने मालकासारखा वापरला, किंवा वाजवी मुदतीत नकार न कळवता ठेवून घेतला, तर कलम ४२ नुसार तो स्वीकारला असं धरलं जातं. भट्टीत गेलेला माल त्याला ‘परत घेऊन जा’ म्हणता येत नाही. मग उरतो तो फक्त भरपाईचा दावा, आणि तो त्याने सिद्ध करायचा.

यार्डात गेल्यावर आधी दोघांच्या पिशव्या शेजारी ठेवून तपासा. आकडे जवळ आले तर मधला धरून मिटवा. नाही जुळले तर तिसरी पिशवी लॅबला. त्याआधी परतीचा खर्च मांडा: भाडं ४५०० आणि हमाली १२०० मिळून ५७०० रुपये. वरच्या उदाहरणातला माल साध्या लोखंडाचा असता, तर १९२ किलोंचे, समजा ३० रुपयांनी, ५७६० होतात. म्हणजे माल परत आणून साठ रुपये वाचणार. अशा वेळी निम्म्यावर तोडा, पण ‘या गाडीपुरतं’ असं लिहून घ्या. तेच तांबं किंवा ३१६ असेल तर गाडी परत आणायला घाबरू नका.

बिल झाल्यानंतर प्रत उतरली तर

डीलर आपली डेबिट नोट पाठवून पैसे कापून घेतो. जीएसटीत तेवढ्याने तुमचा कर कमी होत नाही. विक्रेता म्हणून क्रेडिट नोट तुम्हीच काढायची (सीजीएसटी कायद्याचं कलम ३४), तिच्यात मूळ बिल क्रमांक आणि कारण लिहायचं. ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भराल त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, रिटर्नमध्ये दाखवावी लागते. डीलरने तेवढं इनपुट क्रेडिट उलटवलं का हेही बघा.

आणि डीलरने कट कळवलाच नाही, नुसतं पेमेंट अडवलं, तर? माल देण्याआधीपासून उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला २००६ चा एमएसएमईडी कायदा उपयोगी पडतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. लेखी ठरलेली मुदत असली तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. अर्ज फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी परिषद) ऑनलाइन करता येतो. सोबत बिल, काटा पावती, सौद्याचा निरोप आणि नमुन्याच्या सीलचा फोटो जोडा.